गावाच्या भूजलाचा ताळेबंद: दसऱ्याला मांडायचा, मे महिन्यात तपासायचा

पाणीटंचाईची बैठक आपल्याकडे मार्चमध्ये भरते. तोवर ऊस उभा असतो, कांदा अर्ध्यावर आलेला असतो, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि टँकरचा प्रस्ताव लिहिण्यापलीकडे कुणाच्या हातात काही उरलेलं नसतं. भूजलाचं नियोजन करायची खरी वेळ म्हणजे दसरा ते दिवाळी. हस्त संपलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि रब्बीचं बी अजून पोत्यात असतं. त्या तीन आठवड्यांत गावानं जमिनीखालचं पाणी मोजलं आणि कुठलं पीक किती एकर हे ठरवलं, तर पुढचे आठ महिने भांडणं कमी होतात.

हा लेख त्यासाठीच आहे. ग्रामपंचायत सदस्य, जलसुरक्षक (गावाच्या पाण्याची देखरेख करणारा पंचायतीचा माणूस), बचत गट, शाळेतले गुरुजी, गावाकडे परतलेली तरुण मंडळी, यांच्यापैकी कुणीही हे काम सुरू करू शकतं. महागडी यंत्रं लागत नाहीत. लागतो तो वर्षभराचा चिकाटीपणा, आणि आकडे खरे लिहिण्याची तयारी.

शिवाराची हद्द बाजूला ठेवा, पाणलोट घ्या

तलाठ्याच्या नकाशावरची गावाची हद्द जमिनीखालच्या पाण्याला माहीत नसते. म्हणून पहिला नकाशा पाणलोटाचा, म्हणजे ज्या भागात पडलेलं पाणी एकाच वाटेनं बाहेर पडतं त्या भागाचा, काढायचा. माथ्यावर टेकडीची धार कुठे आहे, ओढे कुठे एकत्र येतात, पाणी गावातून कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडतं, हे सगळं त्यात येतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं महाराष्ट्राचे सुमारे दीड हजार पाणलोट पाडलेले आहेत आणि प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक दिलेला आहे. यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन आपलं गाव कुठल्या क्रमांकात मोडतं, त्यात आणखी कोणती गावं आहेत आणि त्या पाणलोटाची वर्गवारी काय, हे आधी विचारून घ्या.

वर्गवारी उपशाच्या टक्केवारीवर ठरते. वर्षाला वापरता येण्याजोगं जेवढं भूजल तयार होतं, त्याच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि शंभराच्या पुढे अतिशोषित. मात्र पाणलोट सुरक्षित आहे म्हणून आपलं गाव सुरक्षित आहे असं समजू नका. एका पाणलोटात डोंगरकडेचं कोरडं गाव आणि नदीकाठचं ओलं गाव दोन्ही असतात, आणि सरासरी काढली की कोरडं गाव त्यात दिसेनासं होतं.

विहिरींची खानेसुमारी

दुसरं काम पायपिटीचं आहे. शिवारातली प्रत्येक विहीर, बोअर, आड, बारव आणि झरा मोजायचा. सातबाऱ्यावरच्या नोंदींवर विसंबू नका. त्यात बुजलेल्या विहिरी जिवंत असतात आणि गेल्या पाच वर्षांत मारलेली बोअर नसतात. वीज कनेक्शनांची यादी मिळाली तर ताडून पाहायला बरी पडते.

प्रत्येक ठिकाणी एवढं लिहा: मालक, गट क्रमांक, मोबाइलवरून घेतलेलं स्थान, खोली, खोदल्याचं साल, पंप किती अश्वशक्तीचा, पाणी कुठल्या महिन्यात तुटतं, आडवी बोअर मारली आहेत का, आणि किती एकर भिजतं. शेवटच्या प्रश्नाला लोक हात राखून उत्तर देतात. पाणीपट्टी बसेल किंवा योजनेतून नाव कटेल अशी धास्ती असते. आमच्या अनुभवात गावातल्याच चार बायकांनी विचारलं की खरा आकडा मिळतो, कारण कुठल्या घरातली मोटर रात्री किती वेळ चालते हे त्यांना ठाऊक असतं.

मग या यादीतून १५-२० विहिरी निवडून त्यांना निरीक्षण विहिरी करा. काही माथ्यावरच्या, काही मधल्या, काही ओढ्याकाठच्या घ्या. काठावर एका जागी तेलरंगाचा ठिपका द्या आणि मोजमाप दर वेळी त्याच ठिपक्यापासून घ्या. वजन बांधलेला टेप पुरतो. पहाटे मोटर सुरू व्हायच्या आधी मोजायचं, नाहीतर खचलेली पातळी लिहिली जाते. यंत्रणेचे लोक आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. गावानं दर महिन्याला मोजावं, आणि या चार महिन्यांत तरी अजिबात चुकवू नये, म्हणजे आपला आकडा सरकारी आकड्याशेजारी ठेवता येतो.

पर्जन्यमापक शाळेच्या किंवा पंचायतीच्या मोकळ्या आवारात बसवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचा. महसूल मंडळाच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्र असतं, पण मंडळात पडलेला वळीव आपल्या शिवारात पडलेलाच असतो असं नाही.

खडक वाचायला शिका

इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक आराखडे इथेच फसतात.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांचा आहे. या खडकात पाणी वाळूसारखं सगळीकडे भरलेलं नसतं. ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात साठतं. खालचा अखंड काळा पाषाण जवळपास कोरडा असतो. मुरमी थराचा शंभर घनमीटरचा ठोकळा घेतला, तर त्यातून उपसता येणारं पाणी साधारण एक ते तीन घनमीटर भरतं. आपली तिजोरी मुळातच लहान आहे. ती एका चांगल्या पावसात भरते आणि एका हंगामात रिकामी होते. तीनशे, पाचशे, सातशे फुटांवर गेलो की पाण्याचा नवा साठा हाती लागतो, ही समजूत बहुतेक ठिकाणी खोटी ठरते. खोल बोअर बऱ्याचदा भेगेतून वरच्याच थराचं पाणी खाली ओढतं, आणि शेजारची चाळीस फुटांची विहीर आटते.

खडक वाचण्यासाठी उन्हाळ्यात विहिरीत उतरा किंवा काठावरून नीट पाहा. माती किती फूट, मुरूम किती, मांजऱ्या कुठून सुरू होतो, लाल गेरूसारखा थर कुठे आहे आणि पाझर कुठल्या उंचीवर फुटतो, हे विहीरवार लिहा. वीस विहिरींचे थर शेजारी शेजारी काढले की गावाच्या पोटातलं चित्र कागदावर येतं. लाल थराच्या वर पाझर फुटत असेल तर तो थर पाणी अडवून धरतो आहे. ओढ्याच्या पात्रात काळ्या खडकाची उभी भिंत आडवी गेलेली दिसली तर तिच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरी वेगळ्या वागतात. कोकणातला जांभा, पूर्णा आणि तापीचा गाळ, भंडारा-गोंदियाचा जुना स्फटिकी खडक यांचा हिशोब वेगळा पडतो. तिथे वरचे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याबद्दल कुणी ना कुणी विचारतंच. नारळ तळहातावर उभा राहतो की नाही यावर मी वाद घालत नाही. एवढंच म्हणतो, की त्यानं दाखवलेल्या प्रत्येक जागेचं पुढे काय झालं हे वहीत लिहा. यशस्वी बोअरची गोष्ट गावभर होते. कोरड्या गेलेल्या बोअरवरचं कर्ज मात्र एकट्या घरात राहतं.

हिशोब टँकरमध्ये मांडा

सरकारी कागदात पाणी हजार घनमीटरमध्ये लिहितात. ग्रामसभेत या एककावर कुणी भांडत नाही, कारण ते डोळ्यापुढे येत नाही. सोपी युक्ती अशी: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजे बरोबर एक मोठा टँकर. टँकर आपल्याकडे लहान पोरालाही कळतो.

उदाहरणासाठी एक कल्पित गाव घेऊ. क्षेत्र १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर, लोकसंख्या २,०००, मोठी जनावरं १,०००.

शिवारावर पडलेला पाऊस झाला ५ लाख टँकर. त्यातलं बरंचसं पाणी वाहून जातं, उडून जातं, मातीत आणि पिकात मुरतं. बेसाल्टमध्ये खोल झिरपणारा हिस्सा दहा टक्क्यांच्या आसपास धरता येतो, खडकाप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे ५०,००० टँकर. हा आकडा दुसऱ्या बाजूने तपासा. मे ते ऑक्टोबर विहिरींची पातळी सरासरी ५ मीटर चढली, पाणी धरणारा मुरमी थर ४५० हेक्टरवर आहे आणि त्यात २ टक्के पाणी मावतं असं धरलं, तर ४५,००० टँकर निघतात. दोन्ही आकडे जवळपास आले म्हणजे आपण फार चुकलेलो नाही. दुपटीचा फरक पडला तर कुठेतरी क्षेत्र किंवा पातळी चुकली आहे. पुन्हा मोजा.

आता खर्च. दहा टक्के, म्हणजे ५,००० टँकर, ओढ्याला पाझरून जातात. ते जाऊ द्यायचे असतात. खालच्या गावाचा ओढा त्यावरच वाहतो. माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे पिण्या-वापरण्याचे वर्षाचे सुमारे ४,००० टँकर. जनावरांचे, रोज ५० लिटरने, सुमारे १,८००. पुढचा पाऊस लांबला तर म्हणून ४,००० राखीव. शेतीला उरले साधारण ३५,००० टँकर.

पिकांचं एकरी पाणी मोकाट पद्धतीनं मोजलं तर ऊस ८०० टँकर, कांदा २२०, गहू १७०, रब्बी ज्वारी-हरभरा १२० च्या आतबाहेर. आपल्या गावात २० एकर ऊस, ६० एकर कांदा, ४० एकर गहू आणि १०० एकर ज्वारी-हरभरा आहे असं धरा. बेरीज येते ४८,०००. तूट १३,००० टँकरची. पिण्याचं आणि जनावरांचं धरून उपसा ५३,८०० आणि वापरता येण्याजोगं भूजल, म्हणजे ५०,००० मधून ओढ्याचे ५,००० वजा जाता, ४५,००० टँकर. म्हणजे उपसा सुमारे १२० टक्के, गाव अतिशोषित.

आता फळ्यावर एकच ओळ अधोरेखित करा. २२० एकरांपैकी २० एकर ऊस बागायतीच्या पाण्याचा तिसरा हिस्सा पितो. तो काढून तिथे हरभरा घेतला तर एकूण गरज साडेचौतीस हजारांच्या आत येते आणि हिशोब बसतो. उसाला ठिबक केलं तरी पाणी बरंच वाचतं, पण अट एकच: वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावायचा नाही. ठिबक आलं की क्षेत्र वाढतं आणि विहीर तिथल्या तिथे राहते, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की अनुदानाच्या अर्जातच क्षेत्र गोठवण्याची अट हवी असं वाटतं.

पंपाचा उपसा अंदाजाने लिहू नका. २०० लिटरचं पिंप पाइपाखाली ठेवा आणि घड्याळ लावा. ४० सेकंदांत भरलं तर तासाला १८,००० लिटर. रोज आठ तास मोटर चालली तर चौदाहून जास्त टँकर. स्वतःच्याच पंपाचा आकडा पाहून शेतकरी थोडा वेळ गप्प होतो.

पाऊस ३५० मिलिमीटर पडला तर सगळे आकडे सरळ प्रमाणात कमी करून भागत नाही. तुटक पाऊस आधी मातीची तहान भागवतो, त्यामुळे मुरणारा हिस्सा त्याहून जास्त घटतो. वाईट वर्षाचा वेगळा ताळेबंद तयार ठेवा.

नियम: कायद्याचा आधार आणि गावाचा शब्द

कायदा आहे, आणि तो बऱ्यापैकी धारदार आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा, प्रत्यक्षात १ जून २०१४ पासून लागू. अधिसूचित, म्हणजे सरकारनं तसं जाहीर केलेल्या, क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घेण्याला त्यात बंदी आहे. विहिरींची आणि बोअरच्या गाड्यांची नोंदणी, पाणलोट क्षेत्र समिती, भूजल वापर आराखडा आणि त्याला धरून पीक आराखडा, हे सगळं त्यात आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाला ५०० मीटरचं संरक्षण देणारी तरतूद तर १९९३ च्या कायद्यापासूनची आहे. ग्रामपंचायतीच्या विहिरीभोवती हे ५०० मीटरचं वर्तुळ नकाशावर आखा, आत येणारे गट क्रमांक लिहा आणि यादी चावडीवर लावा. एवढं केलं तरी अर्धे वाद आधीच मिटतात.

पण रात्री अकराला तमिळनाडूची बोअरगाडी शिवारात शिरते तेव्हा कायद्याचं पुस्तक मंत्रालयात असतं. तिथे ग्रामसभेचा ठरावच कामाला येतो. हिवरे बाजारनं हे करून दाखवलं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं, जेमतेम पावसाचं गाव. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथे शेतीसाठी बोअरवेल बंद झाल्या, ऊस-केळी नाकारली गेली आणि २००४ पासून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरू लागली. साताऱ्यातल्या रणदुल्लाबादनं बोअर टाळून विहिरी वाटून घेण्याची वाट धरली. त्याही आधी, सत्तरच्या दशकात, पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला, भूमिहीनालाही हक्क आणि ऊस नाही. जमिनीच्या मालकीपासून पाणी सोडवण्याचा इतका सरळ प्रयत्न नंतर फारसा कुणी केला नाही.

ठराव लिहिताना मोघम लिहू नका. "पाण्याचा काटकसरीने वापर करावा" या वाक्याचा उपयोग शून्य. नवीन बोअर फक्त पिण्यासाठी, तीही यंत्रणेच्या सल्ल्याने. बारमाही पीक किती एकरांपर्यंत, आणि कुणाच्या वाट्याला किती. निरीक्षण विहिरींची सरासरी अमुक मीटरखाली गेली की शेतीचा उपसा दिवसाआड. पुढे चार मीटर गेली की फक्त फळबागा जगवायच्या. असे टप्पे आणि आकडे लिहा. मोडणाऱ्याचं काय करायचं हेही लिहा, आणि तो सरपंचाचा भाऊ असला तर काय करायचं यावर ठरावाच्या दिवशीच बोलून घ्या.

एक अडचण नीट समजून घ्यायला हवी. ज्याच्याकडे विहीरच नाही त्याला या सगळ्यात काय मिळतं? ऊस सोडणाऱ्याचा त्याग सगळ्यांना दिसतो, कोरडवाहू शेतकऱ्यानं वीस वर्षं केलेला त्याग दिसत नाही. राखीव पाण्यातला एक हिस्सा कोरडवाहू शेताला संरक्षित पाण्याची एक पाळी म्हणून दिला, तर ठरावाच्या बाजूने हात वर करणारे आपोआप वाढतात.

पुनर्भरण, पण योग्य जागी

पाणी अडवण्याच्या कामाला गर्दी जमते, कारण त्यात कुणाला काही सोडावं लागत नाही. काम चांगलंच आहे, क्रम मात्र माथा ते पायथा असाच हवा: डोंगरउतारावर सलग समतल चर आणि गवत, मग दगडी व गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेले) बांध, मग शेताचे बांध, शेवटी नाल्यातला सिमेंट बंधारा. उलट क्रमानं केलं की पहिल्या दोन पावसाळ्यांत बंधारा गाळानं भरतो.

नाला खोलीकरण हा हळवा विषय आहे. गाळ काढणं वेगळं, खडक फोडणं वेगळं. आमच्या भागात एका ठिकाणी यंत्र मिळालं म्हणून ओढा पंधरा-वीस फूट खोल खणला गेला. काठच्या विहिरींचा पाझर त्या चरात उतरला, जानेवारीत चर भरलेला आणि विहिरी रिकाम्या. फोटो फार छान आले होते. नाल्याचा तळ विहिरींच्या पाझराच्या पातळीखाली नेऊ नये, आणि ती पातळी कोणती हे विहिरींचे थर मोजलेले असले तरच कळतं.

शेततळ्याचंही तसंच. ओढ्याचं वाहतं पाणी धरणारं शेततळं उपयोगी. पण बोअरचं पाणी उपसून प्लास्टिकच्या कागदावर साठवायचं, म्हणजे सगळ्यांच्या मालकीचं झाकलेलं पाणी एकाच्या नावावर करून उन्हात ठेवायचं. आराखड्यात असं प्रत्येक तळं उपसा म्हणून धरा, पुनर्भरण म्हणून नाही.

विहीर पुनर्भरणात पाणी गाळूनच सोडायचं: आधी गाळ बसायला खड्डा, मग मोठे दगड, खडी, वाळूचा गाळणखड्डा. सुरुवातीचे काही पाऊस वाहू द्या. खत-औषध मारलेल्या शेतातलं पाणी, गोठ्याचं पाणी यात कधीही नको, आणि पिण्याच्या विहिरीत तर पुनर्भरणाचा पाइप नकोच.

पाणी आहे, पण पिता येतं का?

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा नमुने तपासा. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. युरिया आणि शौचालयाचे शोषखड्डे वाढले की हा आकडा चढतो. फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात ते सापडतं, तेव्हा तिथे नवी बोअर घेऊन लगेच नळाला जोडू नये. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार निसर्गतःच आहेत. तिथे गोड पाण्याचा प्रत्येक उथळ थर जपावा लागतो. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. भेगाळ खडकात तेवढंही पुरेलच असं नाही, म्हणून क्लोरिनची वही रोज भरली जाते का, हे महिन्यातून एकदा पाहा. बंद पडलेलं बोअर झाकण घालून किंवा भरून बुजवा. लेकरांच्या जिवासाठी तर हे करायचंच, शिवाय गटाराचं पाणी सरळ थरात उतरण्याचा रस्ताही तोच असतो.

गावाचा कागद खोऱ्याच्या आराखड्याला जोडा

राज्याचा जल आराखडा गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा आणि कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्या अशा खोऱ्यांनुसार मांडला जातो. या मोठ्या हिशोबात एक जुनी चूक डोकावते: तेच पाणी दोनदा मोजलं जातं. माथ्यावर मुरलेलं पाणी डिसेंबरात ओढ्याला पाझरतं, ओढ्यातून तलावात जातं. विहिरींच्या खात्यात ते भूजल म्हणून जमा होतं आणि तलावाच्या खात्यात आवक म्हणून. वरच्या दहा गावांनी ते सगळं उपसलं की तलाव भरत नाही आणि दोष पावसाला दिला जातो. म्हणून वर ओढ्यासाठी सोडलेले ५,००० टँकर आपल्या कागदावर वेगळ्या रकान्यात दाखवा, आणि खालच्या गावाला बैठकीला बोलवा. ओढा कुठल्या महिन्यापर्यंत वाहत असे, हे त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

२५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातले १३ जिल्हे होते. तुमचं गाव त्यात असेल तर जलसुरक्षा आराखडा पंचायतीच्या कपाटात असेलच. तो बाहेर काढा, पिकांचे आकडे आजच्या शिवाराशी ताडून पाहा आणि दुरुस्त करा. नसेल तर पाणलोट नकाशा, विहीर यादी, पातळ्यांची वही आणि ताळेबंद, अशी चार कागदांची फाइल करून यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात, तालुका कृषी कार्यालयात आणि पंचायत समितीत एकेक प्रत पोच घेऊन द्या. यंत्रणा ऑक्टोबरच्या पातळ्यांची मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून टंचाईचा अंदाज काढते. तुमची वही तिच्यापाशी त्याआधी पोचली पाहिजे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा सगळ्या निरीक्षण विहिरी मोजा. दसऱ्याला मांडलेला आकडा आणि आताची पातळी फळ्यावर शेजारी लिहा. पहिल्या वर्षी अंदाज चुकणारच. कुठे चुकला, कुणाचा कांदा ठरल्यापेक्षा जास्त निघाला, कुठली विहीर अपेक्षेपेक्षा आधी तुटली, हे त्याच बैठकीत वहीत उतरवा आणि वही जलसुरक्षकाकडे परत द्या. मृग लागला की त्याला पर्जन्यमापक धुऊन ठेवायचा असतो.